रोजचा एक प्रश्न: उत्तराबरोबर ‘कशावरून?’ नको का?

देवगडकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सातला विज्ञान-तंत्रज्ञानाचा एक प्रश्न येतो. चार पर्याय असतात आणि रात्री नऊला उत्तर. सगळे आवडीने खेळतात, मीही खेळतो. गेल्या सोमवारचा प्रश्न होता: हेलियमचा शोध कोणत्या किल्ल्यावर लागला? सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, रायगड. जवळजवळ सगळ्यांनी विजयदुर्ग म्हटलं, रात्री तेच बरोबर ठरलं, अंगठे आले आणि विषय संपला.

मी त्याच भागातला. लहानपणी वडिलांनी किल्ल्यावर नेऊन ‘साहेबाचे कट्टे’, म्हणजे ग्रहण पाहायला साहेबाने दुर्बिणी ठेवल्याचे ओटे, दाखवले होते, तेव्हा ऊर भरून आला होता. म्हणूनच पुढे या गोष्टीच्या मागे लागून वाचत गेलो. 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास ग्रहण झालं तेव्हा फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. ज्यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला असं सांगतात, ते इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तेव्हा भारतात नव्हतेच. 20 ऑक्टोबरला, ग्रहण वगैरे काही नसताना, त्यांनी इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट, म्हणजे तिथल्या प्रकाशाचे वेगवेगळे केलेले रंग, पाहिला. प्रत्येक मूलद्रव्याच्या त्यातल्या रेघा ठरलेल्या असतात. लॉकयरना दिसलेली पिवळी रेघ 587.6 नॅनोमीटरला होती. सोडियमच्या दोन रेघा 589.0 आणि 589.6 ला येतात. एवढ्याशा फरकावरून हे मूलद्रव्य वेगळं, असं ठरत गेलं. लॉकयर विजयदुर्गावर आले हे खरं, पण ते जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. त्याच्या तीन वर्षं आधी, 1895 मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींनी एका खनिजातून हेलियम काढून दाखवलाही होता.

हे ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, ‘स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असंच दिलंय.’

माझं म्हणणं एवढंच की उत्तराबरोबर ‘हे कशावरून?’ याच्या दोन ओळी देता येत नसतील तर तो प्रश्न टाकूच नये. एक दिवस ग्रुप रिकामा राहिला तरी चालेल.

गुणाकार
पटलं नाही. एक प्रश्न चुकला तो दुरुस्त करा, पण त्यासाठी सगळ्यांना अट कशाला?

माझी आई सत्तरीची आहे. आयुष्यभर ‘सायन्स आपल्याला जमत नाही’ म्हणत आली. दीड वर्षापासून ती असाच एक रोजचा खेळ खेळते. परवा गवार मोडता मोडता मला विचारते, ‘लाल एलईडी साठच्या दशकात आला, मग निळा यायला नव्वदचं दशक का लागलं गं?’ आदल्या दिवशीचा प्रश्न होता की 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल कशासाठी मिळालं. उत्तर फक्त ‘निळा एलईडी’. खाली एक ओळ नव्हती. मग आम्ही दोघींनी मिळून शोधलं: निळ्या प्रकाशाला गॅलियम नायट्राइड नावाच्या पदार्थाचे चांगले स्फटिक लागतात आणि ते वाढवणं फार अवघड होतं. तुमच्या अटीत तो प्रश्न बसलाच नसता.

देवगडकर
आईंना मनापासून नमस्कार. पण त्यांच्या शेजारी तुम्ही होतात. आमच्या ग्रुपवर ज्यांनी विजयदुर्गावर बोट ठेवलं, त्यांच्या शेजारी कोण होतं? त्यांच्या मुलांच्या वहीत तर ते उत्तर उतरलंसुद्धा.

रात्रपाळी
देवगडकरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या टीममध्ये सकाळच्या बैठकीआधी एक प्रश्न असतो. एकदा आला: संगणकात 0.1 अधिक 0.2 बरोबर 0.3 का, हो की नाही? उत्तर ‘नाही’. सगळे हसले आणि कामाला लागले. दोन-तीन आठवड्यांनी बिलांच्या बेरजेत एका पैशाचा फरक येऊ लागला. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला होता त्यानेच त्या दिवशी सगळ्यात आधी ‘नाही’ म्हटलं होतं! उत्तर त्याला पाठ होतं, कारण माहीत नव्हतं. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा 0.333 करत संपतच नाही, तसाच संगणकाच्या 0 आणि 1 च्या द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही, कुठेतरी कापावाच लागतो. हे त्या सकाळी कोणी दोन ओळींत सांगितलं असतं तर त्याने रकमा रुपयांच्या अपूर्णांकात ठेवल्या नसत्या, पैशांच्या पूर्णांकात ठेवल्या असत्या. शेवटी तेच करावं लागलं, रात्री अडीच वाजता.

फळा
मी जुन्नर तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्या शाळेत दाराजवळच्या छोट्या फळ्यावर रोज एक प्रश्न असतो. गुणाकार ताईंच्या बाजूने लिहिते, आणि जरा ठासून लिहिते.

जानेवारीत प्रश्न टाकला होता: खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत किती अँटेना आहेत? 30. बस, आकडा. दुसऱ्या दिवशी सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मग सगळ्या एकाच शेतात का नाही उभ्या केल्या? आमच्या मामाच्या गावाकडे एकच दिसते.’ त्या मुलीने तिथून जाता-येता अँटेना शंभरदा पाहिली असेल. 30 हा आकडा कळल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं की बाकीच्या कुठे गेल्या.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला, मुलांना खोडदला घेऊन गेले. 45 मीटर व्यासाच्या त्या जाळीदार ताटलीखाली उभं राहून तिने तोच प्रश्न तिथल्या माणसाला विचारला. त्यांनी खाली बसून मातीत काडीने इंग्रजी वाय काढला. मध्यावर 14 ठिपके दाटीने, तीन फांद्यांवर मिळून 16. म्हणाले, दूरदूरच्या अँटेना एकत्र जोडल्या की त्या 25 किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारखं बारीक बघतात, आणि जवळजवळच्या अँटेनांना आकाशातलं पसरट, अंधुक काही असेल ते दिसतं. परतताना गाडीत ती सारखी बोटाने वाय काढत होती.

कारण मी आधीच फळ्यावर लिहिलं असतं तर मुलांनी तेही पाठ केलं असतं. ‘कशावरून’ मुलाच्या तोंडून येऊ द्या. त्यासाठी प्रश्न उघडा सोडावा लागतो.

देवगडकर
बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलांपुरतं मान्य. शाळेत दुसरा दिवस उजाडतो आणि मूल येऊन विचारतं. ग्रुपवर दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न येतो. मात्र उघडा सोडलेला प्रश्न आणि चुकीच्या उत्तराने बंद केलेला प्रश्न यांत फरक करा. 30 हा आकडा तुम्ही तपासून लिहिला होता.

जुनी डिस्क
मला तर ‘पहिला’ हा शब्द असलेले सगळे प्रश्न बाद करावेसे वाटतात. भारतातला पहिला संगणक कोणता? कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत 1953 मध्ये तयार झालेला अ‍ॅनालॉग संगणक म्हणा, तिथेच इंग्लंडहून आणलेला डिजिटल एचईसी-2एम म्हणा, किंवा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेला टिफ्रॅक म्हणा. कशाला पहिला म्हणता यावर उत्तर बदलतं. कहर म्हणजे पर्यायांत ‘परम’सुद्धा असतो आणि लोक तोच निवडतात. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा परम 8000 आला 1991 मध्ये. तो महासंगणक होता. टिफ्रॅकसाठी ज्यांनी इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह आणि तारा जोडल्या त्यांचं काम या एका पर्यायामुळे पुसलं जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

गुणाकार
हे मात्र पटलं. पण आता मला सांगा, जुनी डिस्क यांनी जे लिहिलं ते त्यांना कसं कळलं? मला खात्री आहे, असाच एखादा ‘पहिला कोण’ प्रश्न चुकला म्हणून.

जुनी डिस्क
बरोबर. 2009 मध्ये कॉलेजच्या प्रश्नमंजूषेत ‘परम’ म्हणालो होतो. तिथे गुण मिळाला होता, हे जास्त वाईट.

जमखंडीचा
विजयदुर्गाच्या प्रश्नात एक भर. 1868 च्या ग्रहणासाठी रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल आमच्या जमखंडीला आले होते, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात. ढग ये-जा करत होते, तरी मधल्या फटीत त्यांनी सूर्याच्या ज्वाळांच्या तेजस्वी रेघा पाहिल्या. हे एकाही प्रश्नात येत नाही. खोट्या गोष्टीने जागा अडवली की खरी बाहेर राहते, म्हणून मी देवगडकरांच्या बाजूचा.

फळा
मग देवगडकर, तुम्हीच का टाकत नाही प्रश्न? तक्रार रास्त आहे, पण रोज सकाळी सातला उठून कोणीतरी तो टाकतोय. त्यांना तुमच्यासारख्या माणसाची मदत हवी असेल.

देवगडकर
काल रात्री त्या काकांच्या घरी गेलो होतो. पेन्शनर आहेत, एका दोनशे पानी वहीत पुढच्या तीन महिन्यांचे प्रश्न लिहून ठेवलेत, प्रत्येकापुढे तारीख. हेलियमचं पान मी त्यांच्यापुढे उघडलं. त्यांनी चष्मा काढला, लॉकयरच्या दोन्ही तारखा माझ्याकडून दोनदा वदवून घेतल्या, आणि मग लाल पेनाने दुरुस्त केलं. ‘कशावरून’चा रकाना आखायला पानावर जागा नाही, म्हणून समोरचं डावं पान त्यासाठी ठेवायचं ठरलं. बुधवार माझा.

बाई, तुमचं ऐकून पहिला प्रश्न उघडाच सोडतोय, उत्तर चोवीस तासांनी: निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन या सगळ्या वायूंची नावं ‘ऑन’ने संपतात. मग त्यांच्याच घरातल्या हेलियमचं नाव सोडियम-कॅल्शियमसारखं का?

गुणाकार
आईला वाचून दाखवला. ती म्हणते, ज्याने नाव ठेवलं त्याला तो धातू वाटला असणार. ‘बरोबर का ते आत्ताच विचार,’ म्हणून मागे लागली आहे.