मदत हवी आहे: ब्रेन ट्यूमरच्या पेशंटची डेक्सा गोळी कमी कशी करतात?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. अण्णांना (माझे वडील) ग्लिओब्लास्टोमा (मेंदूचा कॅन्सर) निघाला, ऑपरेशन पुण्यात झालं, रेडिएशन संपलं, आता टेमोझोलोमाइड (केमोची गोळी) महिन्यातनं पाच दिवस चालू आहे. पण प्रश्न डेक्सामेथासोनचा (डेक्सा, मेंदूची सूज उतरवायचं स्टेरॉइड) आहे. ऑपरेशनच्या वेळी ४ मिग्रॅ दिवसातनं तीनदा सुरू केली ती अजून तशीच चालूय, डिस्चार्ज कार्डवर कधीपर्यंत ते लिहिलेलंच नाही आणि मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देतोय.

सुरुवातीला गोळीनं कमाल केली हे खरंय, डोकेदुखी थांबली, उजवा हात हलायला लागला. आता तोंड सुजलंय, शुगर कधी नव्हती ती ३०० च्या वर, झोप नाही, मध्यरात्री उठून कडक भाकरी न् शेंगाचटणी मागतेत आणि चिडचिड तर विचारू नका, हा माणूस कधी आवाज चढवून बोललेला नाही. वर मांड्यांतलं बळच गेलंय, बसले की उठवायला दोघं लागतात. आत्या म्हणते आजार वाढला, काका म्हणतेत स्टेरॉइड विष आहे, आजच बंद करा. काय करावं कळंना. सालई गुग्गुळानं स्टेरॉइड सुटतं असंही व्हॉट्सॅपवर आलंय, खरं आहे का?

प्रतिसाद १
काकांचं अजिबात ऐकू नका. इतके दिवस गोळी घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं, एकदम बंद केली तर बीपी पडतं, उलट्या होतात, मेंदूची सूज परत येते ती वेगळीच. डोस टप्प्याटप्प्यानंच उतरवतात, किती आणि कधी ते डॉक्टर लक्षणं आणि एमआरआय बघून ठरवतात. ही गोळी ट्यूमर मारत नाही, फक्त भोवतालची सूज उतरवते, म्हणून त्रास आवरेल एवढाच कमीत कमी डोस ठेवायचा असतो. दोन्ही मांड्या सारख्याच गेल्या असतील तर गोळीचा संशय जास्त, पण तपासून घ्या. सालई गुग्गुळावर रेडिएशनच्या पेशंटमध्ये छोटा अभ्यास झालाय, सूज थोडी कमी दिसली, पण डेक्साच्या जागी ते चालत नाही. शुगरचं मात्र उद्याच इथल्या फिजिशियनला दाखवा, पुण्याच्या तारखेची वाट बघू नका.

प्रतिसाद २
आमच्या सासूबाईंना शेवटचा डोस दुपारीच द्यायला सांगितला, झोपेत बराच फरक पडला. ओपीडीत वेळ मिळत नाही तर कागदावर लिहूनच न्या: डोस कधी कमी करायचा, डोकेदुखी किंवा उलटी परत आली तर काय करायचं, न्यूमोनिया होऊ नये म्हणून सेप्ट्रानसारखी अँटिबायोटिक गोळी लागेल का. तोंडात पांढरे चट्टे आलेत का ते पण बघा. आणि फिटची गोळी कुठली चालूय? फेनिटॉइननं डेक्साचा असर कमी होतो.

मूळ धागाकर्ता
फेनिटॉइनच आहे, आत्ता पाकीट बघितलं! हे कुणी बोललंच नव्हतं. शुगरला सकाळी नेतो, पुण्याला फोन लावून डोसचं आणि याचं दोन्ही विचारतो. आत्याला धागा वाचून दाखवला, काका अजून ऐकंनात.