सॉना आणि स्टीम : रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने बसावे की नाही?

रुईकर_कॉलनीकर

नमस्कार मंडळी. माझे वय ५६ असून गेल्या महिन्यात पत्नीने आणि मी कोल्हापुरातील ताराबाई पार्क परिसरातील एका व्यायामशाळेचे वार्षिक सदस्यत्व घेतले. तेथे लाकडी फळ्यांची सॉनाची खोली आणि टाइल्स बसवलेली स्टीम रूम अशा दोन्ही सोयी आहेत. तेथील प्रशिक्षकाचे म्हणणे असे की, रोज २० मिनिटे स्टीममध्ये बसले की शरीरातील विषारी द्रव्ये निघून जातात आणि पोटही उतरते.

मी ५ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेतो आणि तिच्यात लघवी वाढवणारे औषध आहे. पत्नीला मधुमेह असून ती इन्सुलिन घेते. मागच्या गुरुवारी मी स्टीममध्ये २० मिनिटे बसून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दाराची मूठ हाताशी होती म्हणून पडलो नाही. प्रशिक्षक म्हणाला, "सवय नाही, होईल हळूहळू." घरी आल्यावर मात्र हे सवयीचेच प्रकरण आहे का, अशी शंका डोक्यात बसली.

आणखी एक प्रश्न धाकट्या मुलाचा. तो १९ वर्षांचा आहे आणि तालमीत जातो. पुढच्या महिन्यातील निवड चाचणीसाठी त्याला अडीच किलो वजन उतरवायचे आहे आणि शेवटच्या दोन दिवसांत सॉनात बसून ते उतरवू, असा त्याचा बेत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शाहूपुरी_डॉक्टर

आधी अंधारीविषयी लिहितो, कारण बाकीचे थांबू शकते. उष्णतेत त्वचेखालील रक्तवाहिन्या फुलतात, पुष्कळसे रक्त त्वचेकडे वळते, नाडी भराभर चालताना होते तशी मिनिटाला १०० च्या पुढे जाते आणि रक्तदाब खाली येऊ लागतो. बसलेले असेपर्यंत शरीर हे निभावून नेते. झटकन उभे राहिले की फुललेल्या वाहिन्यांतून रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूला काही क्षण पुरेसा पुरवठा होत नाही. तुमच्या गोळीने शरीरातील पाणी आणि मीठ आधीच कमी केलेले असते, त्यात २० मिनिटांचा घाम, म्हणजे हे होणारच होते. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही उठताना रक्तदाब असाच खाली येतो. तेव्हा याला केवळ सवयीचा अभाव म्हणणे धोक्याचे आहे. ओल्या टाइल्सवर पडून मांडीचे हाड मोडलेला रुग्ण मी पाहिला आहे. त्याच्या हृदयात कोणताही दोष नव्हता. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हा प्रसंग जसा घडला तसा सांगा आणि त्यांचा होकार येईपर्यंत दोन्ही खोल्या टाळा.

फायद्यांविषयी जे बोलले जाते त्याचा मोठा भाग फिनलंडमधून आलेला आहे. सुमारे ५५ लाख वस्तीच्या त्या देशात जवळपास ३० लाख सॉना आहेत आणि २०२० मध्ये युनेस्कोने तेथील सॉना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पूर्व फिनलंडमधील कुओपिओ भागातील ४२ ते ६० वयाच्या २,३१५ पुरुषांचा सुमारे २० वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण, आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी कमी आढळले. आकडा मोठा आहे आणि जाहिरातींत तो हमखास दिसतो. पण हा निरीक्षणाचा अभ्यास होता. ज्याची तब्येत मुळात ठणठणीत आहे तोच आठवड्यातून पाच वेळा सॉनात बसू शकतो, ही शक्यता अशा अभ्यासातून पूर्णपणे वगळता येत नाही. शिवाय ती माणसे लहानपणापासून कोरड्या सॉनाला सरावलेली होती. टाइल्सच्या खोलीतील वाफेबद्दल तो अभ्यास काहीच सांगत नाही. माझ्या मते स्नायू सैल होणे, सांध्यांचा ताठरपणा तात्पुरता कमी होणे आणि झोप बरी लागणे, एवढ्या अपेक्षेने बसणाऱ्याची निराशा होणार नाही.

विषारी द्रव्यांचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असते. काट्यावर जे वजन कमी दिसते तेही पाणीच असते आणि दोन-तीन ग्लास पाणी पोटात गेले की ते परत येते. ते परत आलेच पाहिजे.

वहिनींच्या बाबतीत अधिक जपावे लागेल. उष्णतेने त्वचेतील रक्तप्रवाह वाढला की टोचलेले इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषले जाते आणि साखर अनपेक्षितपणे उतरू शकते. साखर उतरतानाही घाम येतो, छातीत धडधडते. वाफेत बसलेल्या माणसाला हा घाम कशाचा आहे हे कळणार कसे? मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झालेली असेल तर तापलेल्या फळीचा चटकाही जाणवत नाही. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या छातीत थोड्याशा श्रमाने किंवा बसल्या जागी दुखते, ज्यांची महाधमनीची झडप फार अरुंद झाली आहे, त्यांनी आत जाऊच नये. ताप असताना, मद्य घेतल्यावर आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतही नाही.

शिरोली_ओतकाम

डॉक्टर साहेबांनी शरीराची बाजू मांडली आहे. मी भट्टीची मांडतो, कारण शिरोली एमआयडीसीतील ओतकामाच्या कारखान्यात २८ वर्षे काढली आहेत. दारावरच्या फलकावर सॉना ८० अंश आणि स्टीम ४५ अंश असे वाचून लोक स्टीमला सौम्य समजतात आणि तिथेच फसतात. शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सॉनातील हवा कोरडी, आर्द्रता साधारण १० ते २० टक्के, त्यामुळे तेथे घाम वाळतो. स्टीम रूममध्ये आर्द्रता १०० टक्क्यांच्या आसपास असते. तेथे घाम वाळत नाहीच, उलट आपली त्वचा खोलीपेक्षा थंड असल्यामुळे वाफ तिच्यावर येऊन पाणी होते आणि वाफेतली उष्णता आपल्याला देऊन जाते. अंगावरून निथळणारे सगळेच पाणी घाम नसते. आपण काहिलीजवळ उभ्या असलेल्या गुळव्याच्या अंगाकडे पाहून हळहळतो, पण गुऱ्हाळ चारी बाजूंनी उघडे असते आणि त्याला वारा मिळतो, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

सवयीचा मुद्दा अगदीच खोटा नाही. उष्णतेला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणूनच आमच्याकडे नव्या माणसाला, आणि मोठ्या रजेवरून परतलेल्या जुन्यालाही, पहिल्या दिवशी भट्टीसमोर पूर्ण पाळी देत नसत. तुम्हाला मात्र पहिल्याच आठवड्यात २० मिनिटे दिली गेली. ५ मिनिटांनी सुरुवात करायला हवी होती आणि पुढेही १०-१५ मिनिटांच्या पलीकडे जाण्याचे कारण नाही. आत जाण्यापूर्वी आणि अंग पुसून बाहेर आल्यावर वजन करा. जेवढे किलो घटले तेवढे लिटर पाणी गेले असे समजा आणि ते लिंबू-मिठाच्या पाण्याने भरून काढा. गळ्यातली साखळी आणि अंगठी काढून ठेवा. सोने किती झपाट्याने तापते, हे सॉनात एकदा कळले की पुन्हा विसरत नाही.

वैद्य_मंगळवार_पेठ

या चर्चेत आपल्याकडील स्वेदनाचा, म्हणजे आयुर्वेदातील घाम काढण्याच्या उपचाराचा, उल्लेख आवश्यक वाटतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय संपूर्ण स्वेदनाचाच आहे आणि त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे १३ प्रकार दिले आहेत. त्यांपैकी जेन्ताक स्वेदाचे वर्णन, म्हणजे मधोमध भट्टी असलेले गोल घर आणि भिंतीलगत बसण्याचा ओटा, वाचताना सॉनाचीच आठवण व्हावी. मला अधिक मोलाची वाटते ती त्यातील निषेधांची यादी. नित्य मद्य घेणारा, गर्भिणी, अतिसाराचा रुग्ण आणि मधुमेही यांना स्वेदन देऊ नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. हृदय, डोळे आणि वृषण यांना स्वेद द्यायचाच तर अगदी मृदू, अन्यथा देऊच नये, असाही निर्देश आहे. वृषणांना शरीरापेक्षा थोडे कमी तापमान लागते आणि वारंवारच्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या काही काळ घटते, हे आजचे वैद्यकही सांगते. अपत्याच्या प्रतीक्षेत असलेल्या तरुण जोडप्यांनी याची नोंद घ्यावी. चिकित्सालयातील स्वेदनाच्या पेटीत डोके बाहेर ठेवलेले असते आणि श्वास थंड हवेचा मिळतो. स्टीम रूममध्ये डोकेही वाफेतच असते, त्यामुळे दोन्हींना एकच समजू नये.

जाता जाता : आपल्याकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत आणि गजकर्णाचे रुग्ण वाढतात. सामायिक फळीवर स्वतःचा कोरडा टॉवेल अंथरल्याखेरीज बसू नये.

जुना_लंगोट

मुलाच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. मी गंगावेशीतल्या तालमीच्या मातीत वाढलो. वजनासाठी अंगावर दोन घोंगड्या घेऊन पळण्याचा वेडेपणा आम्हीही केला आहे आणि दुसऱ्या दिवशी आखाड्यात हातापायांत गोळे येऊन चीतही झालो आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतील तीन मुले साधारण सहा आठवड्यांच्या आत दगावली. तिघेही तापवलेल्या खोलीत, अंगाला हवा न लागू देणारे कपडे घालून, व्यायाम करून वजन उतरवत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत वजन उतरवण्यासाठी सॉना आणि रबरी पोशाख यांवर बंदी आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट रात्रभर घाम गाळूनही ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमने जास्त भरली, हे तर आपण सर्वांनी पाहिले.

गंमत अशी की खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये कांस्यपदक आणले ते हेलसिंकीहून, म्हणजे सॉनाच्याच देशातून. त्या देशातले लोक सॉनात अंग सैल करायला बसतात, वजन चोरायला नाही. तुमच्या पोराच्या हाताशी महिना आहे. अडीच किलो चार आठवड्यांत आहारातून, वस्तादांच्या नजरेखाली, सहज उतरतात. ते जमत नसेल तर त्याने वरच्या गटात लढावे. पाणी काढून हलका झालेला मल्ल दुसऱ्या मिनिटाला पकड सोडतो, हे वस्तादांना विचारा, तेही सांगतील.

रुईकर_कॉलनीकर

सर्वांचे मनापासून आभार. मुलाला हा धागा वाचायला दिला. त्याने वाचून झाल्यावर काही न बोलता फोन परत केला आणि रात्री भाकरी एक कमी घेतली. पत्नीने दोन्ही खोल्यांचा नाद सोडला आहे. मी उद्या डॉक्टरांना भेटणार आहे. एकच शंका राहते : त्यांनी परवानगी दिली तर शिरोलीकर दादांनी सांगितलेले लिंबू-मिठाचे पाणी मला चालेल का? घरी माझ्या ताटात वरून मीठ घेणेही बंद आहे.

शाहूपुरी_डॉक्टर

बरे झाले विचारलेत. तो सल्ला आठ तास भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या माणसासाठी योग्य आहे, तुमच्यासाठी नाही. १० मिनिटांच्या घामातून जाणारे मीठ तुमच्या नेहमीच्या दोन जेवणांतून भरून निघते. तुम्ही साधे पाणी प्या, उठण्यापूर्वी दोन मिनिटे खालच्या फळीवर पाय जमिनीला टेकवून बसा, आणि बाहेर कुणीतरी ओळखीचे असल्याशिवाय आत जाऊ नका. लगेच गार पाण्याचा फवाराही घेऊ नका. त्याने आक्रसलेल्या वाहिन्यांमुळे दाब एकदम वर चढतो.