ऑनलाइन थेरपी सुरू करताना: तुमचे अनुभव

रिकामी_ओळ
काल जुन्या लॅपटॉपमधल्या फायली उडवत होते, त्यात 'पहिल्या सेशनला काय सांगायचं' नावाची एक सापडली. आत मुद्दे काढलेले, तोंडी परीक्षेला जावं तसे. पहिला मुद्दा 'कामाचा ताण'. आई सगळ्यात खाली, पुढे कंसात 'वेळ उरला तर'.

प्रत्यक्षात त्यातलं काहीच बोलले नाही. बराचसा वेळ माहिती देण्यातच गेला: झोप, भूक, चालू औषधं, घरात कोणाला मानसिक आजार होता का, आधी कुठे उपचार घेतलेत का. त्याच्याही आधी संमतीपत्र, आणि अडीअडचणीला कोणाला कळवायचं त्याचं नाव-नंबर. शिवाय दर वेळी सुरुवातीला "आत्ता कुठे आहात?" मला वाटायचं गप्पांची सुरुवात म्हणून विचारतात. एकदा विचारलंच. थेरपिस्ट म्हणाल्या, बोलता बोलता तुम्हाला काही झालं तर मदत कुठल्या पत्त्यावर पाठवायची हे मला ठाऊक नको?

तर तुमचं काय झालं ते लिहा. कसंही, तुटक चालेल.

किल्ली_कुठाय
गाडीत. पार्किंगमध्ये. घरात सहा माणसं आणि दारं सगळी नावापुरती. एकदा नेमका रडत असताना खालच्या काकांनी काचेवर टकटक केली, "गाडी सुरू होत नाहीये का रे?" थेरपिस्टना ऐकू गेलं. आधी त्या हसल्या, मग मी.

दुपारची_झोप
किल्ली 😂😂 काकांना काय सांगितलंस?

किल्ली_कुठाय
बॅटरी उतरली म्हटलं. खोटंही नव्हतं.

सई_नाही_मी
मला कोणी सांगितलं नव्हतं की स्वतःचं तोंड पूर्णवेळ समोर दिसतं! अर्धं लक्ष केसांत. शेवटी त्यांनीच स्वतःचा चौकोन लपवायची सोय दाखवली, त्यांना मी दिसते, मला मी दिसत नाही. तिथून पुढे बोलणं सुरू झालं म्हणायला हरकत नाही.
हेडफोन मात्र हवेतच. आणि त्यांच्या खोलीत दुसरं कोणी नाही ना, हे बिनधास्त विचारा. चांगले थेरपिस्ट स्वतःहून सांगतात.

बाराखडी
हेडफोन कुठले वापरतेस? माझ्या कानातून पडतात.

नऊ_प्रश्न
माझ्याकडून आधी पीएचक्यू-९ भरून घेतला, नैराश्य किती आहे ते बघायचा तक्ता. 'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा' असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७ पैकी. चिंतेसाठी जीएडी-७, तो २१ पैकी. नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही, पुढे फरक पडतोय का ते बघायला उपयोगी पडतो.
नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तिथे अडलो. रकाना भरायच्या आधी विचारलं, "इथे १ लिहिलं तर तुम्ही काय करणार?" त्यांनी नीट सांगितलं: आणखी प्रश्न विचारेन, वाईट रात्री काय करायचं आणि कोणाला फोन करायचा हे आपण दोघं मिळून लिहून ठेवू. जीव खरंच धोक्यात दिसला तरच तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन. मग लिहिलं १.
हे विचारायला लाजू नका. गुप्ततेला मर्यादा असतात: जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार, कोर्टाचा आदेश. नेमके नियम जागोजागी वेगळे, म्हणून आपल्यापुरतं विचारून घ्यायचं.

रिकामी_ओळ
नऊ_प्रश्न, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आता कसे आहात?

नऊ_प्रश्न
बराय. तो कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे, मध्ये एकदा लागला होता.

तिरका_डोळा
एवढं सगळं बोलायला एखादी मैत्रीण नसते का लोकांना? सहज विचारतोय.

दुपारची_झोप
असते की. पण तिला मध्येच स्वतःचं सांगायचं असतं.

सई_नाही_मी
+१ आणि पुढच्या भेटीत मी आधीची चौकशी करायला लागते ते वेगळंच.

खिडकीकाठी
मी याच क्षेत्रात आहे, म्हणून चार गोष्टी. खासगी थेरपिस्ट निवडताना शिक्षण, नोंदणी आणि कुठल्या पद्धतीने काम करता हे सरळ विचारा. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी पद्धत असेल (१९६०च्या दशकात ॲरन बेक यांनी मांडलेली) तर दोन सेशनच्या मधे घरी करायचा अभ्यास असतो. काही पद्धतींत तो नसतो. औषधं मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात, थेरपिस्ट बहुधा नाही. परदेशी जाणार असाल तर आधी सांगा, काही ठिकाणी थेरपिस्टकडे तुम्ही जिथे बसलाय तिथला परवाना लागतो.
ऐनवेळी रद्द केलेल्या सेशनचे पैसे बरेच जण घेतात. राग येतो, पण प्रथा जुनी आहे. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडने १९१३च्या लेखात लिहून ठेवलंय की ठरलेला तास रुग्णाचा, तो वापरला नाही तरी देणं लागू.

किल्ली_कुठाय
म्हणजे कॅन्सलेशन चार्जचे जनक 🙏

अर्धवट_वाक्य
नेट. नेट. नेट. जी गोष्ट आयुष्यात कोणाला सांगितली नव्हती ती शेवटी तोंडातून निघाली, आणि समोर त्यांचा चेहरा गोठलेला, डोळे अर्धे मिटलेले. वाटलं झोपल्या. परत जोडल्यावर म्हणतात, "'त्या दिवशी' इथपर्यंत ऐकू आलं." परत पहिल्यापासून सांगायचं!! दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज कमी थरथरला हेही खरं.
तुटलं तर कोणी कोणाला फोन करायचा हे पहिल्याच दिवशी ठरवा.

पायरी
माझं पहिलीशी जमलं नाही. मी वडिलांबद्दल काही बोलले की "पण त्यांचीही बाजू असेल ना?" असेलही. ती मांडायला मी पैसे देत नव्हते. दोन ओळींचा मेसेज टाकून थांबले. त्यांनी सौजन्याने उत्तर दिलं, दुसरी दोन नावंही सुचवली. आता दुसरीकडे जाते.

खिडकीकाठी
पायरी, योग्य केलंत. कधीकधी "तुम्ही असं म्हणता तेव्हा मला त्रास होतो" एवढं तोंडावर सांगूनही बघावं, त्यावर त्या काय करतात यावरून पुष्कळ कळतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग मांडले: काय साधायचं यावर एकमत, ते कसं साधायचं यावर एकमत, आणि जिव्हाळा. तिसऱ्यासाठी वेळ द्यावा लागतो. पहिल्या दोन्हींबद्दल मात्र लवकर विचारून घेता येतं.

पायरी
सांगून बघितलं होतं हो. "तुम्ही फार संवेदनशील आहात" असं उत्तर मिळालं.

खिडकीकाठी
मग मेसेजच बरा.

दुपारची_झोप
सेशन संपलं की लगेच ऑफिसचा कॉल लावू नका. क्लिनिकमधून घरी येताना निदान रस्ता तरी असतो, इथे खिडकी बंद केली की पुढच्या क्षणाला "नमस्कार, सगळ्यांना स्क्रीन दिसतोय ना?" माझे डोळे सुजलेले. मॅनेजर म्हणाला सर्दी का. आता मध्ये मोकळा वेळ ठेवते, इमारतीखाली चकरा मारते. सुरुवातीला आणखी जड वाटतं बरं का. तसं वाटतंय हेही तिथेच सांगायचं.

नवीनच_आले
नमस्कार, वाचनमात्र होते. माझं पहिलं सेशन उद्या. मध्यरात्री त्रास झाला तर त्यांना मेसेज केला तर चालतो का?

नऊ_प्रश्न
उद्या हाच प्रश्न पहिला विचारा. मधल्या वेळात उत्तर देतात का, किती तासांत, आणि त्या नसतील तेव्हा कोण. एकट्याने व्यवसाय करणारे रात्री फोन उचलतीलच असं नाही. तातडीचं असेल तर आपल्याकडची हेल्पलाइन किंवा जवळचं हॉस्पिटल. नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा.

नवीनच_आले
टाकला. धन्यवाद. आणखी काही तयारी?

किल्ली_कुठाय
गाडी आहे का? 😛

सई_नाही_मी
काही नको, चार्जर लावून बस.
@बाराखडी, वायरवाले वापरते. पडले तरी गळ्यात राहतात.