मदत हवी आहे: गॅलरीच्या स्लॅबची तपासणी नीट कशी करून घ्यायची?

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी डोंबिवलीत, इमारत 34 वर्षांची, प्रत्येक मजल्यावर घरांपुढून जाणारी सामाईक गॅलरी. गेल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखालचं प्लास्टर पडलं. आतली सळई गंजून फुगलेली; बोट लावलं तर पापुद्रे हातात आले. त्याच्याच खाली मुलं सायकली लावतात. तेव्हापासून झोप उडाली आहे.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी) दर 3 वर्षांनी हवं. आमचं झालंय, पण इंजिनिअर अर्ध्या तासात फोटो काढून गेले. भिंतीबाहेर काढलेल्या, पुढच्या टोकाला आधार नसलेल्या अशा स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, आणि आमच्याकडे जुन्या लादीवर दोनदा नवी लादी बसवलीय. म्हणजे वजन वाढलंच, शिवाय नुसतं खालून बघून वरच्या सळईचं काय कळणार?

ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा: तुम्ही लादी उखडून तपासायला लावलं का? रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज घेणारी), हाफ-सेल (आतली सळई गंजतेय का ते बघणारी) या चाचण्यांना साधारण किती खर्च आला? लोखंडी टेकू लावल्यावर वयस्कर मंडळींच्या जाण्यायेण्याचं काय केलं? घरातल्या बाल्कनीचा खर्च सभासदाचा की सोसायटीचा, यावर सभा अडली आहे. पुढची सभा रविवारी आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.