आपला वाडा 🏡 कुटुंब ग्रुप : खोलीच्या पाटीचा मजकूर

शोभा (धुळे): संजू, हायस्कूलची जी खोली आपण रंगवून देतोय, तिच्या पाटीचा तू टाकलेला मजकूर वाचला. नाना मामा, आप्पा मामा, बापू मामा, तिघांची नावं आहेत. आईचं नाही. राहून गेलं की ठरवून वगळलं, तेवढं सांग.

संजू (पुणे): ताई, मला नानांनी जी यादी दिली तीच टाईप केली. पेंटर रविवारी येणार आहे. बदल असेल तर शनिवारपर्यंत कळवा 🙏

नाना: दिवाळीला वाड्यावर बसून ठरलं होतं. पाटीवर नावं हायस्कूलमधून मॅट्रिक झालेल्यांची. सर्वांनी होकार दिला होता.

शोभा (धुळे): सर्वांनी म्हणजे ओट्यावर बसलेल्यांनी. आई तेव्हा आत मांडे करत होती.

प्रतिभा वहिनी: मांडे मात्र अप्रतिम झाले होते आक्कांचे 😊

बापू: विषय मांड्यांचा नाही वहिनी. पण खरंच छान झाले होते.

आप्पा: शोभाचं म्हणणं मला पटतं. नाना, तुम्ही मोठे, तरी बोलतो. आपण तिघं शिकलो तेव्हा घरात पैसा कुठून येत होता? बाबांची कोरडवाहू जमीन. आक्का दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. स्वतःच्या घरचा वेचून झाला की दुसऱ्यांचा. संध्याकाळी वजन करून जे मिळायचं ते आईच्या हातात.

नाना: फीचं म्हणशील तर ती माफ होती. ई.बी.सी. म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांची सवलत होती, वर्षाला 1200 रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांना. माझा तलाठ्याचा दाखला अजून फायलीत आहे. तेव्हा आक्काच्या पैशांवर शिकलो हे म्हणणं बरोबर नाही.

आप्पा: शिकवणी फी माफ होती. सत्र फी, पुस्तकं, वह्या, बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म, यांचं काय? पुस्तकं तर वरच्या वर्गातल्या पोरांकडून निम्म्या किमतीत घ्यायचो, तरी भूमितीचं पुस्तक तुम्ही, तुमच्यानंतर मी आणि माझ्यानंतर किशोरच्या बाबांनी वापरलं. आणि रॉकेल? रात्री शाळेत अभ्यासाला झोपायचो तेव्हा प्रत्येकाला घरून कंदिलात तेल भरून न्यावं लागायचं.

बापू: शाळेत झोपायला जाणं म्हणजे आमची चैन होती. पत्र्याचा हॉल, घोंगडी, कंदील. हेडसर अकराला एक फेरी मारायचे, पहाटे चारला दुसरी. दाराशी उभे राहून नुसतं खाकरायचे, बस्स. पुढच्या मिनिटाला सगळे मोठ्याने पाठ करायला लागायचे. थंडीत बोरी नदीवरून वारा यायचा, पुस्तकाची पानं उलटायला बोटं वळायची नाहीत.

संजू (पुणे): बापू काका, वीज नव्हती का?

बापू: गावात होती. शाळेच्या त्या हॉलला नव्हती.

किशोर (सर): काका, आमच्या स्टाफरूममध्ये आजही जुने लोक हेडसरांची आठवण काढतात. ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे ना?

आप्पा: हो. साने गुरुजी 1924 ते 1930 तिथे शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी गुरुजी रोज स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढायचे. हेडसर तेव्हा त्याच वसतिगृहात होते. म्हणून आपल्याकडेही व्हरांड्यातल्या फळ्यावर ते रोज सकाळी पाच-सहा ओळी लिहायचे. बातमी, एखादी कविता, कोणाच्या शेताला पाणी लागलं ते सुद्धा. मी आज जे काही वाचतो ते त्या फळ्यामुळे.

नाना: दिवाळीला वाड्यावर बसून ठरलं होतं. पाटीवर नावं हायस्कूलमधून मॅट्रिक झालेल्यांची.

शोभा (धुळे): नाना मामा, ते वाचलं. मग बापू मामांचंही काढा. ते जुन्या अकरावीचे मॅट्रिक नाहीत, दहावी आहेत.

बापू: अगं ए 😄 मार्च 1975, दहावीची पहिली बॅच. नवीन गणित शिकवायला सरांनाही नवीन होतं. आम्ही जे सोसलं ते अकरावीवाल्यांनी नाही सोसलं.

नाना: अकरावीवाल्यांना कोणी कमी लेखू नये. 1969 ला आमच्या वर्गातून मोजकेच पास झाले. परीक्षेचं केंद्र अमळनेर. मावशीच्या घरी ओसरीवर राहिलो, सोबत शिधा नेला होता, कळण्याचं पीठ, डाळ, तिखट.

आप्पा: ते पीठ आक्काने रात्री जात्यावर दळलं होतं, नाना. मी बघितलंय. तुमची पिशवी तिनेच भरली.

नाना: मी नाही म्हटलं नाही. पाटी घरकामाची नाही, शाळेची आहे.

प्रतिभा वहिनी: हळू बोला सगळे. लहान पोरं आहेत ग्रुपवर 🙏

शोभा (धुळे): शाळेचीच गोष्ट करू. आई त्या हायस्कूलची विद्यार्थिनी होती. सातवीची फायनल पहिल्या नंबराने पास होऊन जून 1962 ला आठवीत गेली. किशोर, जनरल रजिस्टर बघ जरा.

किशोर (सर): काल शोभाताईंचा फोन आला तेव्हाच बघितलं. जुनं रजिस्टर आहे, पानं पिवळी पडलीत पण शाई स्पष्ट आहे. आक्काआजीचं नाव आहे. प्रवेश जून 1962. शाळा सोडली नोव्हेंबर 1962. सोडण्याचं कारण या रकान्यात "घरकाम" लिहिलंय. त्या वर्षी आठवीत तीन मुली होत्या. तिघींच्या नावापुढे तोच शब्द आहे. एकीचीही नववी नाही.

आप्पा: तिघींचं तेच?

किशोर (सर): हो काका.

बापू: नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीच. दिवाळी झाली आणि परत पाठवलं नाही. नंतर 73 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर मी खडी फोडायला गेलो, आक्का माहेरी आलेली होती, ती बाजूच्याच ढिगावर. सुकडी मिळायची ती स्वतः न खाता माझ्या डब्यात टाकायची. जूनला शाळा उघडली तेव्हा मी नववीत गेलो. मला कोणी थांबवलं नाही.

संजू (पुणे): नाना, मजकूर बदलू का? पेंटर रविवारी येणार आहे.

नाना: दिवाळीला वाड्यावर बसून ठरलं होतं.

आप्पा: नाना, तिसऱ्यांदा तेच.

शोभा (धुळे): आईने आवाजात पाठवलंय. ती टाईप करत नाही, मी तिच्याच अहिराणी शब्दांत लिहिते 👇
"नाना, भाऊ, मना नाव ऱ्हावो नही ऱ्हावो, त्याकरता भांडू नका. आठवीमा आम्हीन तीन पोरी व्हतूत. तठे संडास नव्हता. सकाय घरथीन निंघनूत का घर येवालोंग पानी बी पेत नव्हतूत. आते पोरीसनी काय सोय शे, ते पहिले देखा. मंग पाटी लावा."

प्रतिभा वहिनी: 🙏🙏

बापू: आक्का, इतक्या वर्षांत हे कधी बोलली नाहीस.

शोभा (धुळे): कोणी विचारलं होतं का मामा?

संजू (पुणे): किशोरदादा, आता काय परिस्थिती आहे?

किशोर (सर): मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे, पण वरची टाकी फुटली आहे. शिपाई बादलीने पाणी भरतो. उन्हाळ्यात ते पण नाही. आठवी ते दहावीच्या मोठ्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जातात, त्यातल्या बऱ्याच परत येत नाहीत. मी दोनदा लेखी दिलंय.

आप्पा: मग खोलीच्या रंगाचे पैसे आधी तिकडे वळवा. टाकी, नळ, पाईप, सगळं. खोली पुढच्या वर्षी रंगवू.

प्रतिभा वहिनी: आमच्याकडून वेगळे घ्या. रंगाचे पैसे कमी करू नका.

नाना: किशोर, प्लंबरला उद्याच बोलाव. अंदाजपत्रक मला पाठव, ग्रुपवर नको. टाकी मोठी घे, स्वस्तातली नको. दुपारच्या सुट्टीपर्यंत पुरलं पाहिजे पाणी.

किशोर (सर): हो नाना.

नाना: आणि संजू, नावं वयाच्या क्रमाने लाव. आक्का आमच्यापेक्षा मोठी आहे. नावापुढे "विद्यार्थिनी, 1962" लिही. आमच्या नावापुढे वर्षं आहेत तर तिच्याही पाहिजे.

शोभा (धुळे): मामा, बाकीच्या दोघींचं काय? रजिस्टरमध्ये त्यांचीही नावं आहेत.

बापू: त्यातली एक कासोद्याला दिलेली, माझ्या माहितीत आहे. दुसरीचा पत्ता लागत नाही.

आप्पा: कासोद्याला मी जातो. त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाव लावू नका.

संजू (पुणे): मग पेंटरला पुढच्या रविवारचं सांगतो.