एकच डिजिटल चित्र रोज कसं रेटता? (अनुभव धागा)

धागाकर्ता, दापोली
रोज एक नवं स्केच काढणं मला जमतं. इंकटोबर (ऑक्टोबरभर रोज एका शब्दावर चित्र काढायचा उपक्रम) आला की मी हमखास असतो: आजचा शब्द, आजचं चित्र, विषय संपला. गाडं अडतं ते मोठ्या चित्रापाशी. सध्या हर्णै बंदरातला लिलाव रंगवतोय. नांगरलेल्या होड्या, मासळी उतरवायला पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या, मागे सुवर्णदुर्ग. आडवा ए३, ३०० डीपीआय, म्हणजे ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल. पहिला आठवडा मजेत गेला. आता रोज फाइल उघडतो, झूम करतो, एखाद्या बैलाचं शिंग पुसतो, पुन्हा काढतो, बंद करतो. कागदावर रंग वाळला की निदान हात तरी थांबतो. इथे अनडू आहे तोवर कशालाच शेवट नाही.

तर कोकणातल्या मंडळींनो, एकच चित्र महिनाभर रोज पुढे कसं नेता? कुठलं ॲप भारी हा वाद कृपया नको, त्याला अख्खा जन्म पडलाय.

मालवणहून
माझं वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालतं. गंमत नाही, खरंच. शाळेतून घरी येताना किनारा लागतो आणि माझ्या चित्रात ओहोटीला उघडे पडणारे खडक आहेत. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे आज साडेपाचला जो खडक उघडा, तो आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली. तेच पाणी त्याच उजेडात परत मिळायला पंधरवडा जातो. आमच्या शेजारचे गाबीत काका तिथी ऐकूनच पाण्याची वेळ सांगतात, मला तक्ता बघावा लागतो.

मग खडक दिसतात त्या दिवसांत फक्त खडक करायचे, तेही तिथेच पायरीवर बसून, फोनवर बोटाने. फोटो काढून घरी रंगवायला बघितलं, पण ओला खडक फोटोत नुसता काळा येतो. डोळ्यांना तो तपकिरी-जांभळा दिसतो आणि वरच्या कडेला आकाशाची फिकट निळी रेघ असते. ती रेघ सूर्य कलला की पाचेक मिनिटांत नारिंगी होते. तेवढी रेघ पकडली की त्या दिवसाचं काम झालं. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं हटत नाही, तेव्हा घरी बसून माणसं, जाळी, आकाश. आज काय करू, हा प्रश्नच पडत नाही. आई मात्र रोज डोकावून विचारते, “ताच चित्र? अजून संपूक नाय?”

रत्नागिरीहून
पावसात लाइट गेली की डेस्कटॉप बंद, म्हणून सवयीचा तुकडा मोबाइलवर नेला. तिथे फक्त काळ्या-पांढऱ्यात छोट्या रचना करतो. लाइट आली की त्यातली एक मोठ्या चित्रात. शिवाय रोज फाइल नव्या नावाने सेव्ह करतो. कालचं चित्र शाबूत आहे म्हटल्यावर आज हात मोकळा चालतो.

सावंतवाडीहून
मी थोडी विरुद्ध बाजूची. मोठं चित्र रोज करूच नये असं माझं मत. मी दशावतारी गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे गोल पत्ते, डिजिटलमध्ये करतेय. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी, मिळून १२० पानं. काम मोठंच, पण पान एका बैठकीत संपतं. गोल चौकट, लाल जमीन, मधे मत्स्य किंवा कूर्म. राजाच्या पानाला दोन-तीन बैठका लागतात, त्या दिवशी चिडचिड होते. तुमचा लिलाव असा पानांत फोडता येणार नाही, हे मान्य. पण रोज हात लावलाच पाहिजे हा हट्ट कोणी लावून दिलाय? चतुर्थीला घरात पन्नास माणसं असताना मी टॅबलेट कपाटात ठेवते आणि मला काहीही वाटत नाही.

अलिबागहून
मांडवा ते गेटवे, लाँचचा तासाभराचा प्रवास, आयपॅड मांडीवर. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, मग भाऊच्या धक्क्याची रो-रो. हलत्या बोटीत बारीक रेषा येत नाहीत, म्हणून मोठ्या ब्रशने रंगांचे नुसते ठोकळे टाकतो. त्याने चित्राचं भलंच झालं. धागाकर्त्यांसाठी एक: प्रोक्रिएट टाइमलॅप्स आपोआप रेकॉर्ड करतं, ते आठवड्यातून एकदा बघा. माझ्यात निम्मा व्हिडिओ एकाच ढगाच्या मागे गेलेला दिसला. त्या ढगाचा लेयर, म्हणजे चित्रातला त्याचा वेगळा थर, लॉक केला.

कुडाळहून
आमची गणपतीची शाळा आहे, त्यामुळे मला हे कोडं जरा वेगळं दिसतं. शाळेत एक मूर्ती पूर्ण करून मग दुसरी घ्यायची, असं कोणी करत नाही. एक दिवस सगळ्यांना पांढरा हात. मग सगळ्यांच्या अंगाचा रंग. मग पीतांबर, मग शेला, दागिने. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती वडीलच करतात. तेव्हा रेडिओसुद्धा बंद. आज कुठलं काम, हे सकाळी शाळेत पाऊल टाकायच्या आधी सगळ्यांना ठाऊक असतं.

मी टॅबलेटवर तेच करतो. लेयरना नावं देतो ती कामांची: सावल्या, कपडे, पाणी. आज सावल्या म्हटलं की अख्ख्या चित्रातल्या फक्त सावल्या, मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणारा लेयरचा मोड). शिंग कितीही खुपलं तरी त्याची पाळी येईपर्यंत हात लावायचा नाही. श्रावणात शाळेत रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा दहाच मिनिटं मिळतात, पण दहा मिनिटांत एका टोपलीची सावली होते.

धागाकर्ता, दापोली
मालवणच्या ताई, कुडाळचे दादा, दोघांचं पटलं. सावंतवाडीचं पटलं नाही, पण कपाटाची कल्पना मोहात पाडतेय. दादा, मग बैलांचे डोळेही शेवटीच ना?

कुडाळहून
शेवटीच. पण आधी अख्खं चित्र स्क्रीनवर मावेल एवढं लहान करून बघा. सुवर्णदुर्ग मागे दिसतोय म्हणजे गाड्या बऱ्यापैकी लांब असणार. तेवढ्या अंतरावरून डोळे दिसतच नसतील तर तो लेयर करूच नका.