परभणीतला हॉल थंडीत उबदार कसा करावा? हीटर घ्यावा का?

गोदाकाठ:
राम राम मंडळी. परभणीत स्लॅबचं घर आहे, तळमजला. हॉल 12 बाय 15 फूट. उत्तरेला आणि दक्षिणेला चार-चार फुटी स्लायडिंग खिडक्या, पूर्वेच्या खिडकीत कूलर. खाली व्हिट्रिफाइड टाइल. दिवेलागणीनंतर हॉलमध्ये कुणी थांबत नाही, सगळे आतल्या खोलीत. आई-बाबांना खाली बसायची सवय, सोफ्यावर करमत नाही. वरून पांढऱ्या ट्यूबलाइटने हॉल दवाखान्यासारखा दिसतो. दोन हजार वॉटचा हीटर घ्यावा म्हणतोय. का कोळशाची शेगडी ठेवावी? एकूण पाच-सहा हजारांत बसवायचंय.

गवंडीकाम:
हीटरचं मागून बघा, आधी कूलरचा बंदोबस्त करा. कूलर म्हणजे तीन बाजूंनी उघडी पेटी. पंखा बंद असला तरी ताट्यांमधून वारं येतंच. टाकीत पाणी राहिलं असेल तर डासही फुकट. बूच काढून पाणी सोडा, पंप धुऊन वाळवा. गवताच्या ताट्या असतील तर फेका, उन्हाळ्यात तशाही नव्याच घालाव्या लागतात. हनीकोंब असेल तर उन्हात खडखडीत वाळवा. कूलर खिडकीतून हलत असेल तर हलवून खिडकी लावून घ्या. हलत नसेल तर जिथून हवा सुटते त्या चौकटीच्या मापाचा इंचभर जाड थर्माकोल आतून बसवा, कडेने फोमची चिकटपट्टी लावा. बाहेरून नुसती ताडपत्री बांधतात त्याने भागत नाही. ती फडफडत राहते आणि फटी तशाच.

मग उत्तरेची खिडकी. पंखा बंद करून पेटती अगरबत्ती कडेकडेने फिरवा, धूर आडवा पळाला की तिथे फट. स्लायडिंगमध्ये दोन पल्ले मधोमध एकमेकांवर येतात ती जागा आणि खालचा रूळ, हीच दोन ठिकाणं. पल्ल्याच्या खाचेतली केसाळ पट्टी चार-पाच वर्षांत चपटी होते. जुन्या पट्टीचा तुकडा दुकानात नेऊनच नवी आणा. केस जास्त उंच आले तर पल्ला सरकत नाही, आणि मग लोक ओढाताण करून चाकं तोडतात.

दक्षिणेची खिडकी मात्र तुमची फुकटची शेगडी. डिसेंबरात आपल्याकडे दुपारी 28-30 अंश असतात आणि पहाटे पारा दहाच्या आसपास, परभणीत त्याच्याही खाली. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त 47 अंश वर असतो. छज्जा दीड फुटाचा असेल तर सावली काचेच्या वरच्या दीडेक फुटावरच पडते, खालच्या भागातून ऊन थेट फरशीवर. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा याच खिडकीतून ऊन आत येत नाही, म्हणून तिला काळी फिल्म लावायच्या भानगडीत पडू नका. सकाळी अकरा ते चार पडदे उघडे, साडेचारला खिडक्या बंद. सात वाजता बंद करून उपयोग नाही, तोवर ऊब गेलेली असते.

सुईदोरा:
वर उन्हाचं लिहिलंय त्याला जोडून. दिवसा दक्षिणेच्या खिडकीपुढची सतरंजी गुंडाळून ठेवा. ऊन उघड्या टाइलवर पडलं तर फरशी तापते आणि संध्याकाळी पाच-सहाला वर अंथरलं की खालून कोमट लागते. दिवसभर अंथरलेलीच राहिली तर फक्त सतरंजीचा रंग उडतो.

आई-बाबांच्या बसण्यापुरतंच, सहा बाय चार फूट, नीट थर करा. अख्खा हॉल झाकायला जाऊ नका. तळाला 8-10 मिलिमीटरचं फोमशीट, त्यावर सतरंजी, मग घोंगडी आणि सगळ्यात वर वाकळ. घोंगडी उघडी टाकली तर टोचते आणि मग कुणी बसत नाही. व्हिट्रिफाइडवर फोम घसरतो, म्हाताऱ्या माणसांना ते धोक्याचं. म्हणून त्याखाली रबरी जाळी हवीच. कापसाची गादी असेल तर आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी दोन-दोन तास उन्हात. दबलेला कापूस ऊब धरत नाही, गाठी झाल्या असतील तर पिंजून घ्या. बैठक पश्चिमेच्या भिंतीशी मांडा. दुपारभर तापलेली वीट रात्री नऊ-दहापर्यंत आत ऊब सोडते. उत्तरेची भिंत पाठीला गारच लागणार.

पडदा खिडकीच्या दुप्पट रुंद घ्या, म्हणजे चार फुटी खिडकीला आठ फूट. दांडी दोन्हीकडे सहा-सहा इंच पुढे, आणि पडदा जमिनीला टेकेल इतका लांब. खिडकीच्या कट्ट्यापर्यंतच ठेवला तर काचेवरची गार हवा खालून आपल्या पायावर उतरते. दारासाठी 40 इंच लांब, 8 इंच रुंद कापडाची नळी शिवून तीन किलो चाळलेली वाळू भरा. ठासून भरू नका, फटीत बसत नाही.

उजेडाचं सगळ्यात स्वस्त. ट्यूब बंद, 9 वॉटचे दोन वॉर्म व्हाइट बल्ब, खोक्यावर 2700 किंवा 3000 के लिहिलेलं बघा. छताला नको, बसल्यावर डोक्याच्या उंचीला, एक बैठकीशेजारी आणि एक समोरच्या कोपऱ्यात. बाबा पेपर वाचत असतील तर त्यांच्या बाजूला 12 वॉटचा लावा.

फेज-न्यूट्रल:
एवढं केल्यावर दोन हजार वॉट लागणार नाहीत. 230 व्होल्टला 2000 वॉट म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर, टीव्हीजवळच्या 6 अँपिअरच्या प्लगचं ते काम नाही. एक्स्टेन्शन बोर्डावर तर अजिबात नको, पिनजवळ तापून प्लास्टिक वितळतं. 16 अँपिअरचा पॉइंट आणि किमान 2.5 चौरस मिलिमीटर वायर हवी. एसीचा पॉइंट असेल तर तोच वापरा. 1000 वॉटवर तासाला एक युनिट, हिशोब सोपा.

तुमच्याकडे माणसं एका जागी बसणार, तर सळ्यांचा हीटर बरा. तो हवेपेक्षा समोरच्या माणसाला तापवतो, पण वाकळ, पडदा आणि तो थर्माकोल यांपासून तीन फूट लांब. ऑइल हीटरला तापायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तो तुमच्या बजेटबाहेर जाईल.

शेगडी नाही म्हणजे नाही. फटी बुजवलेल्या खोलीत तर मुळीच नाही. धूर संपला, निखारे लाल झाले म्हणजे धोका गेला असं लोक समजतात. कार्बन मोनॉक्साइड तेव्हाही निघतो, त्याला ना वास ना रंग. डोकं जड होऊन मळमळायला लागेपर्यंत उठायचं त्राण राहत नाही. निखाऱ्यांची हौस हुरड्याच्या आगटीवर, शेतात भागवा.

गोदाकाठ:
फार कामाचं सांगितलंत. एक शंका: उत्तरेच्या खिडकीच्या खालच्या रुळाला बाहेरून बारीक भोकं आहेत, तिथूनही वारं येतं. सिलिकॉनने बंद करू का?

गवंडीकाम:
सिलिकॉन नको भाऊ, ती पाणी जायची भोकं आहेत. फोमचे तुकडे कोंबा, टोक थोडं बाहेर ठेवा म्हणजे ओढून काढता येतील. मृगाच्या आत आठवणीने काढा, नाहीतर रूळ भरून पाणी सरळ आत.